पोट भरले, हे मनालाही कळू द्या

आपल्या घरात दिवसभरात किती वेळा खाणे होते, असे सोलापुरात कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले असते. सकाळी नाष्टा आणि दोन वेळा जेवण. पण नीट हिशेब मांडला तर आकडा वेगळाच निघतो. फजरनंतरचा चहा आणि त्यात बुडवलेले टोस्ट. मुलांचे डबे भरताना तोंडात टाकलेला घास. दहा वाजता शेजारीण आली म्हणून पुन्हा चहा. सूप मांडीवर घेऊन विड्या वळताना समोरच्या वाटीतले शेंगदाणे. दुपारी धाकट्याच्या ताटात राहिलेला भात. असरनंतर भजी. कारखान्यातून रात्रपाळी करून येणाऱ्यासाठी थांबताना एक घास आणि तो आल्यावर सोबत म्हणून आणखी दोन. शेवटी झोपण्यापूर्वी मोबाईल पाहता पाहता संपलेली फरसाणाची पुडी.

यातले नाष्टा आणि जेवण तेवढे आठवते. बाकीचे खाल्ले हे शरीराला कळते, मनाला कळत नाही. वजन कमी करायचे म्हणून आपण बिर्याणी सोडतो, भात सोडतो, चार दिवस उपाशी राहतो. पण ज्या घासांकडे आपले लक्षच नव्हते, ते घास तसेच चालू राहतात. म्हणून हा लेख काय खावे यापेक्षा कसे खावे याबद्दल आहे.

आकडे काय सांगतात

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी २४ आणि दर शंभर पुरुषांपैकी सुमारे २३ जणांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. आपल्या लोकांच्या पोटावर चरबी लवकर साठते, म्हणून भारतीयांसाठी वजनाची मोजपट्टीही कडक ठेवलेली आहे. उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट एक इंच असेल, तर ५५ किलोच्या वर वजन जास्त समजावे आणि ६० किलोच्या वर स्थूलता. कमरेचा घेर बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. शिवणकामाची टेप घरोघरी असते. आजच मोजून पाहा.

लक्ष देणे म्हणजे नेमके काय

इंग्रजीत ज्याला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात, त्याला मराठीत सजगता असा शब्द रुळला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखणी आणि ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यातला एक सराव जगभर गाजला. प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवायचा. तो पाहायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, सावकाश चावायचा आणि मगच गिळायचा. एवढेच. पण आयुष्यभर मूठ मूठ मनुके खाणाऱ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मनुक्याची चव कळली.

आपल्या घरी मनुक्याऐवजी खजूर घ्या. एकच खजूर. त्याच्या सुरकुत्या पाहा, वास घ्या, अर्धा तोडा. जिभेवर गोडी कधी येते, बी कुठे लागते, घशाखाली उतरल्यावर तोंडात काय उरते, याकडे लक्ष द्या. मन दुसरीकडे गेले तर चिडू नका, परत खजुराकडे आणा. हा सराव करणाऱ्याच्या लक्षात येते की एका खजुरात जेवढे समाधान आहे तेवढे घाईने खाल्लेल्या सहा खजुरांतही मिळत नाही.

नमाजी माणसाला यात नवे काही वाटणार नाही. नमाजात मन भरकटते आणि आपण ते परत आणतो. त्यालाच आपले बुजुर्ग हुजूर-ए-कल्ब, म्हणजे मनाची हजेरी म्हणत आले. नमाज ही इबादत आहे आणि हा सराव आरोग्याचा आहे, दोन्हींची गल्लत करू नये. पण भरकटलेले मन न रागावता परत आणण्याची जी सवय नमाजाने लागते, ती दस्तरखानावरही कामी येते. जेवणाचे आदाबही तेच सुचवतात. बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात करावी, उजव्या हाताने खावे, आपल्या समोरचेच खावे, पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण लहानपणी मदरशात सर्वांनीच ऐकलेली असते. इमाम गजाली यांनी तर ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये जेवणाच्या आदाबांवर वेगळे प्रकरणच लिहिले. बिस्मिल्लाह म्हणताना जो क्षणभर हात थांबतो, तोच क्षण खरा महत्त्वाचा. तोंडाने बिस्मिल्लाह आणि डोळे मोबाईलवर, असे झाले की तो क्षण हातातून जातो.

पोटाचा निरोप उशिरा पोहोचतो

जेवायला सुरुवात केल्यावर पोट ताणले जाते, आतड्यांतून काही संप्रेरके सुटतात आणि ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूकडे जातो. हा निरोप पुरता पोहोचायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. जो माणूस सात मिनिटांत जेवून उठतो, त्याने निरोप येण्यापूर्वीच दुसऱ्यांदा वाढून घेतलेले असते. २०२५ पासून आपल्याकडे वजन कमी करण्याची जी महागडी इंजेक्शने मिळू लागली आहेत, तीसुद्धा याच निरोपातल्या एका संप्रेरकाची नक्कल करतात. ज्यांना डॉक्टरांनी ती दिली आहेत त्यांनी ती घ्यावीतच; पण निरोप ऐकण्याची सवय त्यांनाही लागेल.

अमेरिकेत २०१९ साली केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस जणांना महिनाभर एका ठिकाणी ठेवून खाऊ घातले. दोन आठवडे कारखान्यात बनलेले पाकीटबंद पदार्थ, दोन आठवडे साधे घरगुती प्रकारचे अन्न. दोन्हींत साखर, चरबी, मीठ सारखेच ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पाकीटबंद पदार्थांच्या दिवसांत माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले. ते पदार्थ मऊ असल्यामुळे भराभर पोटात गेले, हेही दिसून आले.

या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. आपली कडक भाकरी घाईने खाताच येत नाही. तोडावी लागते, चावावी लागते, मध्ये पाण्याचा घोट घ्यावा लागतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले ते तिच्या गुणांमुळे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात जेमतेम तीन. पावाचे चार तुकडे चहात बुडवून दोन मिनिटांत संपतात. तेवढ्या वेळात कडक भाकरीचा चतकोरही होत नाही. सोबतच्या शेंगा चटणीकडे मात्र लक्ष हवे. शेंगदाण्यात निम्मे तेलच असते. दोन मोठे चमचे चटणी, म्हणजे सुमारे शंभर उष्मांक. चटणी सोडायचे कारण नाही, पण बरणीतून थेट घेण्यापेक्षा ताटात एकदाच वाढून घ्यावी.

चहाचेही तसेच. कपात दोन चमचे साखर आणि दिवसात पाच कप, म्हणजे पन्नास ग्रॅम साखर. दिवसभराची जोडलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पाचातले कोणते दोन कप आपण खरोखर चवीने पितो आणि कोणते तीन नुसते हातात आले म्हणून पितो, हे एक दिवस पाहा. ते तीन आपोआप गळतील.

भूक आहे की नुसती इच्छा

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीची घरोघरी चर्चा झाली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून त्यांनी ती घेतली. कडकडीत भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवावे असे ते सांगतात. ही पद्धत सर्वांना मानवतेच असे नाही आणि तज्ज्ञांत तिच्यावर मतभेदही आहेत. पण तिने लाखो मराठी माणसांना एक प्रश्न विचारायला लावला, ‘मला आत्ता खरेच भूक लागली आहे का?’ हा प्रश्न कोणत्याही पद्धतीत उपयोगी आहे.

उत्तर ओळखायला कडक भाकरीचीच परीक्षा घ्या. आत्ता समोर नुसती कडक भाकरी आणि कांदा आला तर खावासा वाटेल का? वाटला तर ती भूक. नाही वाटला, पण शिरखुर्म्याची वाटी किंवा समोसा हवाच असेल, तर ती इच्छा. इच्छा होणे हा गुन्हा नाही. पण तिला भूक समजून ताट वाढू नये.

बऱ्याचदा इच्छेच्या मागे वेगळेच काही असते. मुलाला नोकरी नाही, मजुरी वेळेवर मिळाली नाही, सासरी कोणी टोचून बोलले. दिवसभर गप्प राहिलेली बाई रात्री ओट्यापाशी उभी राहून डब्यातले खात सुटते आणि नंतर स्वतःलाच कोसते. अमेरिकेत जीन क्रिस्टेलर यांनी अशा अनावर खाण्याचा त्रास असलेल्या अठरा स्त्रियांना सजगतेचा सराव दिला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आठवड्यातून सरासरी चारदा येणारे हे झटके दीडच्या आसपास आले. वजन लगेच उतरले नाही, पण खाण्यावरचा ताबा परत आला. अशा वेळी आधी तीन श्वास सावकाश घ्या. वजू करा, गार पाणी तोंडावर मारा, बहिणीला फोन लावा. दहा मिनिटांनीही खावेसे वाटले तर बसून, ताटात घेऊन खा. उभ्याने आणि चोरून खाऊ नका. खाण्यापेक्षा त्या चोरीचीच बोच जास्त राहते.

इसराफ पोटातही होतो

आता घरातल्या स्त्रीबद्दल. सर्वांचे झाल्यावर ती जेवायला बसते. तोपर्यंत मुलाच्या ताटातला भात, सासऱ्यांनी ठेवलेली अर्धी भाकरी, पातेल्याच्या तळाचा सालन, हे सगळे तिच्या वाट्याला येते. तिचे पोट स्वयंपाक करतानाच निम्मे भरलेले असते. तरी ती खाते, कारण अन्न टाकणे म्हणजे इसराफ, अल्लाहच्या नेमतीची नाशुक्री, असे तिला लहानपणापासून शिकवलेले आहे. शिकवण खरी आहे. पण कुरआनने उधळपट्टीला मनाई केली ती खाण्यापिण्याचा उल्लेख करूनच. गरजेपेक्षा जास्त खाणे हीसुद्धा उधळपट्टीच. ताटातले अन्न कचऱ्यात गेले तर वाया गेले, आणि भरल्या पोटात ढकलले तर ते पुण्याला लागले, असे नाही. ते चरबी होऊन साठते आणि पुढे औषधांचा खर्च मागते.

म्हणजे अन्न टाकावे का? मुळीच नाही. उपाय वाढण्यात आहे. मुलांना आधी थोडे वाढावे, लागले तर पुन्हा द्यावे. घरातल्या मोठ्यांनी आपले ताट आपण साफ करावे. ताटात ठेवून उठणे म्हणजे आपले उरलेले दुसऱ्याच्या पोटात घालणे आहे, हे घरातल्या पुरुषांनी समजून घ्यावे. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून फोडणी द्यावी. सालन गार होताच झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उकळून वापरावे. जास्त झाले असेल तर चांगले असतानाच शेजारी द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या बाईने सर्वांसोबत, स्वतःच्या ताटात, ताजे अन्न घेऊन बसावे. तिचे पोट म्हणजे उरलेल्या अन्नाचा डबा नव्हे.

दावत आणि आग्रह

आपल्याकडे पाहुण्याला वाढताना हात आखडत नाही, ही आपली शान आहे. लग्नातला दालचा-खाना असो, दर्ग्यावरची कंदुरी असो, ‘आणखी थोडे, आमची कसम’ म्हटल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. पण समोरच्याला साखरेचा आजार असतो, गुडघे दुखत असतात आणि नाही म्हणायची त्याला लाज वाटते. आग्रह एकदाच करावा, दुसऱ्यांदा पाहुण्याचे ऐकावे. दोघांचे अन्न तिघांना पुरते, हे आपल्या पैगंबरांनी (स.) सांगितले ते वाटून खाण्यासाठी. एकाने तिघांचे खावे यासाठी नव्हे.

पाहुण्यानेही शब्द तयार ठेवावा. ‘अल्हम्दुलिल्लाह, झकास झालंय खाला, पोट भरलं’ एवढे हसून म्हटले की यजमानाचा मान राहतो. एका मोठ्या थाळ्यात चौघे बसले असतील तर आपल्या समोरचेच खावे हा अदब मापाचेही काम करतो. आपल्या बाजूचे संपले की आपले जेवण संपले.

रमजानमधला मोलाचा मधला वेळ

रोज्याने वजन आपोआप उतरते, असे अनेकांना वाटते. पाहण्या सांगतात की महिन्याभरात सरासरी किलो-दीड किलो कमी होते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बहुतेक परत येते. काहींचे तर रमजानमध्ये वाढते. तळलेली भजी, समोसे, लाल सरबताचे ग्लास, तरावीहनंतर विजापूर वेशीतल्या मीना बाजारातली चक्कर आणि परतताना बिर्याणी, असा दिनक्रम असेल तर दुसरे काय होणार?

खरे तर इफ्तारची जुनी रीत फार शहाणपणाची आहे. खजूर, पाणी आणि लगेच मगरिबची नमाज. जेवण त्यानंतर. नमाजाला जाऊन येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जातात आणि तेवढ्यात पोटाचा निरोप मेंदूकडे पोहोचतो. आपण मात्र सगळे पदार्थ आधीच मांडून ठेवतो आणि अजान होताच तुटून पडतो. यंदा एवढाच बदल करून पाहावा. अजानला खजूर, पाणी आणि एखादे फळ. नमाज. मग दस्तरखान. भजी करायचीच तर ती जेवणातला एक पदार्थ म्हणून ताटात मोजून यावीत.

एका महिन्याचा सराव

सगळे एकदम बदलू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाचे फक्त एक जेवण टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून करा. सारे घर बसले तर उत्तम. दुसऱ्या आठवड्यात घास तोंडात असताना दुसरा घास मोडू नका आणि जेवणाला किमान वीस मिनिटे द्या. तिसऱ्या आठवड्यात सोळा आण्यांपैकी बारा आणे पोट भरले की थांबा, दहा मिनिटे बसा, मग ठरवा. चौथ्या आठवड्यात उभ्याने काहीच खायचे नाही असा नियम करा. शेंगदाणे खायचे तर सूप बाजूला ठेवून, वाटीत घेऊन, बसून खा. रोज एका वहीत दोन ओळी लिहा – केव्हा खाल्ले, भूक होती का. उष्मांक मोजायची गरज नाही.

विड्या वळणारी बहीण आणि यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा भाऊ, दोघांचेही तासन् तास बैठे काम. दर तासाने उठून पाच मिनिटे चाला. इशानंतर घरातल्यांसोबत अर्धा तास फेरी मारा. खाण्याकडे लक्ष देण्याने चालण्याची उणीव भरून निघत नाही.

या उपायाच्या मर्यादा

सजगतेने अनावर खाणे आणि ताणातले खाणे कमी होते, याला अभ्यासांचा चांगला आधार आहे. वजन किती उतरते, याबाबत मात्र निष्कर्ष सारखे नाहीत. काहींचे उतरते, काहींचे वाढायचे थांबते. पन्नाशीत वाढत जाणारे वजन थांबले तरी ते मोठे यश समजावे. थायरॉइड, काही औषधे, बाळंतपण, झोपेची कमतरता यांमुळेही वजन वाढते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा किंवा रोजे याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे, नाहीतर साखर एकाएकी खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या मुलांनी खाणे कमी करू नये. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ती वर्षातून एकदा करून घ्यावी.

एक गोष्ट मात्र उद्यापासून प्रत्येक घरात बंद व्हावी. लठ्ठ मुलीला स्थळाच्या नावाने टोमणे, सुनेच्या ताटाकडे पाहून खाकरणे, मित्राला ‘पैलवान’ म्हणून हसणे. पैगंबरांनी (स.) अन्नाला कधी नाव ठेवले नाही, आपण अन्न खाणाऱ्याला का ठेवावे? टोमण्याने कोणी बारीक होत नाही. टोमणा खाल्लेला माणूस चोरून खायला लागतो. त्याच्या शेजारी बसा, त्याच्यासोबत सावकाश जेवा, मोबाईल आपलाही बाजूला ठेवा. आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात करता येईल.